मुलाचे गुपित कोणाच्या कपाटात?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणाच्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे त्यांत आहे. आदेश स्वागतार्हच आहे. तथापि आपल्या शिक्षणखात्याचा आजवरचा खाक्या पाहता, खेड्यातील शाळेत समुपदेशक येण्यापूर्वी त्याचा तक्ता येईल, अशी रास्त शंका वाटते. कोण आले, कशासाठी आले, काय सांगितले, हे नावानिशी भरावे, मुख्याध्यापकांनी सही करावी आणि संध्याकाळपर्यंत तालुक्याला पाठवावे! मुलाने एका माणसाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट अशा रीतीने दहा हातांतून फिरेल. त्याच निकालात नोंदी निनावी ठेवाव्यात असे म्हटले आहे, याचा मात्र सोयीस्कर विसर पडेल.

मुंबईच्या मुलाला निदान गर्दीचा आडोसा असतो. कोलाडच्या मुलाला तोही नाही. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, कोकण रेल्वेवर मालमोटारी चढविण्याची रो-रो सेवा येथून सुटते, धाटावची औद्योगिक वसाहत जवळ आहे. तरीही गाव ते गावच. आंबेवाडी नाक्यावर सकाळी निघालेली कुजबुज दुपारी रोह्याला पोहोचते. अशा गावात शाळेचा लेखनिक मुलाचा चुलता असू शकतो, शिपाई शेजारी असू शकतो आणि संस्थेचा पदाधिकारी बापाचा मालक. समजा, धाटावच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या कामगाराच्या दहावीतल्या मुलीने समुपदेशकाला सांगितले की घरी आपले लग्न ठरते आहे; किंवा दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलाने सांगितले की वर्गात आपल्याला चोर म्हणून हिणवतात. हे शब्द कार्यालयातील उघड्या फडताळात पडले, तर त्या दोघांना शाळेत राहणे शक्य होईल काय?

येथे वर्गभेदाचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सुखवस्तू घरातील मूल खासगी मनोविकारतज्ज्ञाकडे जाते. तेथे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. गरिबाच्या मुलाला शाळेतील एक खोली आणि एक खुर्ची एवढाच आसरा. आणि शाळेच्या समुपदेशकाला त्या कायद्याच्या व्याख्येत सहसा जागा नाही. वकिलाला पक्षकाराचे बोलणे फोडता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले आणि २०२३ च्या नव्या कायद्याने कायम ठेवले. समुपदेशकाला तसे कवच नाही. श्रीमंताचे दुःख गोपनीय आणि गरिबाचे दुःख दप्तरी, असा हा न्याय! स्वतःची गुपिते राखण्यासाठी १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही बाळगणाऱ्या शासनाने मुलाच्या गुपितासाठी एक किल्लीचे कपाटही देऊ नये, हे संतापजनक आहे.

नोंद केली म्हणून काय बिघडले, असे विचारणाऱ्यांनी कागदाचा इतिहास आठवावा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातींच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदविल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु पारध्यांच्या कपाळावरचा शिक्का अजून पुसला गेलेला नाही. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. समुपदेशकाच्या वहीतील ‘चंचल’, ‘आक्रमक’, ‘घरची पार्श्वभूमी संशयास्पद’ यांसारखे शेरे उद्या त्या रकान्यात, परवा संगणकावरील कायमच्या खात्यात आणि तेरवा नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर जाणार नाहीत, याची हमी कोण देणार?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला बदलापूरचा. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वेमार्गावर उतरले. गुप्ततेमुळेच असे प्रकार दडपले जातात, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद उलटा आहे. तेथे तक्रार वेळेवर पोलिसांकडे नेली नाही म्हणून संस्थाचालकांवर गुन्हे नोंदले गेले. संस्थेने अब्रूसाठी पाळलेले मौन निराळे आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपणे निराळे. लैंगिक अत्याचाराची माहिती वा भीती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याचे, म्हणजे ‘पॉक्सो’चे, १९ वे कलम सांगते. ते योग्यच आहे. मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच समुपदेशकाने ही मर्यादा त्याला सांगितली पाहिजे: जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझा छळ करीत असेल, तर मला योग्य ठिकाणी कळवावे लागेल, बाकीचे येथेच राहील. आणि कळवायचे ते पोलिसांना वा बालकल्याण समितीला. संस्थेच्या बैठकीत त्याची चर्चा करावयाची नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या बाबतीत, तिने व पालकाने विनंती केल्यास पोलिसांना कळविताना तिचे नाव न देण्याची मुभा डॉक्टरांना दिली. कळविणे आणि चव्हाट्यावर आणणे यांत अंतर ठेवता येते, हे त्यावरून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप पालकांच्या हक्काचा. पालकाला मुलाची काळजी असते हे खरे. आणि बहुतेक वेळा मुलाच्या संमतीने पालकाला बोलावणे हेच हिताचे असते. परंतु जिथे तक्रारच घराविरुद्ध आहे, तिथे वही बापाच्या हाती देणे म्हणजे फिर्यादीला आरोपीच्या स्वाधीन करणे होय. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. तो हक्क अठराव्या वाढदिवशी जन्माला येत नाही.

आता थोडे हिशेबाचे. आकड्यांशिवाय प्रशासन चालत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. परंतु विश्वास ही सार्वजनिक मालमत्ता आहे. एकाने ती फोडली की सर्वांची जाते. एका मुलीचे बोलणे गावभर झाले की पुढल्या वर्षी त्या खोलीत कोणी पाऊल टाकीत नाही. मग तक्त्यात शून्य येते, शून्य पाहून कार्यालय समजते की मुले सुखी आहेत, आणि समुपदेशकाचे पद अनावश्यक ठरते. नावानिशी आकडे मागणारे शासन अशा रीतीने खोटे आकडे मिळविते.

अमेरिकेने १९७४ साली शालेय नोंदी पाहण्याचा हक्क पालकांना कायद्याने दिला. त्याच कायद्यात, लिहिणाऱ्याने केवळ स्वतःपाशी ठेवलेली टिपणे त्या हक्कातून वगळली आहेत. आपल्या शिक्षणखात्याला असा भेद करता येणार नाही असे मुळीच नाही. खात्याने एका शासननिर्णयाने एवढे करावे: शाळेच्या नोंदवहीत फक्त भेटींची संख्या असावी, नाव नसावे. समुपदेशकाचे टिपण आवश्यक तेवढेच, घडलेल्या गोष्टींपुरते आणि शेरेबाजीविना असावे. ते कुलूपबंद राहावे व त्याची किल्ली मुख्याध्यापकाकडे नसावी. ते संगणकावरील विद्यार्थी-खात्याला जोडू नये. मुलाने शाळा सोडल्यावर ठराविक मुदतीत, छळाच्या प्रकरणांतील कागद वगळून, ते नष्ट करावे. आणि टिपण दाखविण्यास नकार दिला म्हणून कंत्राटी समुपदेशकाची नोकरी जाणार नाही, अशी हमी द्यावी. कारण अकरा महिन्यांच्या नेमणुकीवरील माणूस संस्थाचालकापुढे किती काळ ताठ उभा राहील?

या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. पालक-शिक्षक संघांनी, शिक्षक संघटनांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पहिला तक्ता शाळेत येण्यापूर्वीच ही मागणी लावून धरली पाहिजे. एकदा नावे भरली गेली की ती परत घेता येणार नाहीत.