विश्लेषण : नवा दात उगवेलही, पण तो उभा कशावर राहणार?

‘आता तिसऱ्यांदा दात येणार’ ही बातमी तुमच्याही व्हॉट्सॲपवर एकदा तरी येऊन गेली असेल. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०२४ मध्ये अशा औषधाची माणसांवरची चाचणी सुरू झाली, हे खरं आहे. पण ते औषध प्रामुख्याने जन्मतःच दात कमी असलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून तयार केलं जातंय. चाळिशी-पन्नाशीनंतर दात हलू लागतात, त्याचं कारण बहुतेकदा वेगळं असतं. दात शाबूत असतो, त्याला धरून ठेवणारी जागाच झिजलेली असते. ती जागा पुन्हा वाढवण्याचं संशोधन कमी चमकदार असलं तरी आपल्या जास्त कामाचं आहे. त्याच्या नावाने बाजारही मांडला जातोय, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

दात कशाने धरलेला असतो?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. हिरडी, जबड्याचं हाड, मुळावरचा सिमेंटमचा पातळ थर आणि हाड व सिमेंटमला जोडणारं पिरिओडॉन्टल लिगामेंट, असे चार घटक त्याला धरून ठेवतात. हे लिगामेंट जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं असतं. त्याच्या तंतूंचं एक टोक हाडात आणि दुसरं सिमेंटममध्ये रुतलेलं असतं. चावतानाचा दाब तेच झेलतं आणि भातातला खडा लगेच जाणवतो तोही त्याच्यामुळेच. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर शॉक ॲब्सॉर्बर आणि सेन्सर एकाच भागात! इम्प्लांटमध्ये हे लिगामेंट नसतं, टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाशी जुळतो.

पायोरियात जीवाणूंचा थर आणि कीटण साचून हिरडी सुजते आणि ती सूज हळूहळू हाड व लिगामेंट नष्ट करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे १९ टक्के प्रौढांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. म्हणजे १०० कोटींहून अधिक रुग्ण. तो फारसा दुखत नाही, म्हणूनच उशिरा कळतो.

पुन्हा वाढवणं अवघड का?

साफसफाईनंतर जखम भरते, पण हिरडीच्या पेशी वेगाने वाढून रिकाम्या जागेत आधी घुसतात. हाड आणि लिगामेंटच्या पेशी मागे राहतात. जागा आधी पटकावणाऱ्या पेशींवर पुढे काय तयार होईल ते ठरतं, हा विचार मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडला. १९८२ मध्ये स्वीडनमधल्या नायमन आणि सहकाऱ्यांनी हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये पडदा ठेवून हिरडीच्या पेशींना अडवलं आणि माणसात नवी जोडणी तयार होऊ शकते हे दाखवलं. पुढे डुकराच्या वाढत्या दातांमधल्या प्रथिनांचं जेल आलं. २०१६ मध्ये जपानने वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाचं औषध मंजूर केलं.

हे उपचार खरे आहेत, पण सगळीकडे चालत नाहीत. हाडात अरुंद, खोल खड्डा असेल तर चांगला परिणाम मिळू शकतो. हाड सगळीकडून सपाट झिजलं असेल तर फारसं हाती लागत नाही.

टिश्यू इंजिनिअरिंग कुठवर आलं?

यात पेशी, त्यांना आधार देणारा साचा आणि वाढीचे संकेत देणारी प्रथिनं अशा तीन गोष्टी लागतात. लिगामेंटमध्ये मूलपेशी असतात, हे २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. टोकियोत रुग्णांच्याच दातांवरून घेतलेल्या पेशींचे पातळ थर वाढवून ते १० रुग्णांमध्ये बसवले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते, मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. चीनमधल्या २०१६ च्या चाचणीत असा गट होता. तिथे पेशी सुरक्षित ठरल्या, पण नेहमीच्या उपचारापेक्षा ठळक फरक दिसला नाही. २०१५ मध्ये नोंदवलेला थ्रीडी प्रिंटेड साच्याचा प्रयोग वर्षभर टिकला, नंतर साचा उघडा पडला आणि अपयशी ठरला.

हे अपयश लपवलं गेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे. मऊ लिगामेंट आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे कठीण थर, तेही जंतूंनी भरलेल्या तोंडात, एकाच वेळी उभे करणं सोपं नाही. वेळ लागणारच.

मग घाई कोणाला आहे?

घाई बाजाराला आहे. ‘मुलाचे दुधाचे दात जपून ठेवा, पुढे कामी येतील’ असं सांगून पालकांकडून पैसे घेतले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतल्या रक्ताखेरीज दातांसह इतर ऊतींच्या व्यावसायिक बँकांना परवानगी दिलेली नाही. ज्या आजारांसाठी मूलपेशी उपचार मान्य नाहीत, तिथे ते नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. म्हणून ‘स्टेम सेलने हिरड्या वाढवतो’ असं कुणी म्हटलं, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमधला नोंदणी क्रमांक मागा. ही नोंदवही ऑनलाइन कुणालाही मोफत पाहता येते. क्रमांक नसेल तर तिथून उठा.

माझं मत स्पष्ट आहे. या संशोधनाला पैसा मिळायलाच हवा. पण त्याची वाट पाहत आजचा उपचार टाळणं महागात पडेल. उद्याचं तंत्रही उरलेल्या हाडाच्या आणि लिगामेंटच्या आधारानेच काम करणार आहे. दात काढून टाकला की ते लिगामेंटही जातं.

‘मशिनने दात साफ केले की ते हलायला लागतात’ हा आपल्याकडचा जुना समज. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण निघाल्यावर ते जाणवतं एवढंच. मिश्री, तंबाखू, सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह या सगळ्यांनी हिरड्यांचं नुकसान वाढतं आणि महागड्या शस्त्रक्रियेचा परिणामही घटतो. सरकारी दवाखान्यात मधुमेह तपासायला आलेल्याच्या हिरड्याही पाहिल्या, तर कितीतरी दात वाचतील. त्यासाठी कुठल्याही नव्या शोधाची गरज नाही. ब्रश करताना रक्त येत असेल, तर पुढची ‘चमत्कारी’ बातमी फॉरवर्ड करण्याआधी दंतवैद्याची वेळ घ्या.