तारखेशिवाय पाणी छापणार नाही

नर्मदा परिक्रमेला निघालेल्या माणसाला पाण्याची काय चिंता, असं नकाशा पाहणाऱ्याला वाटतं. नदी कायम उजव्या हाताला. पण उत्तर तटावर कवांट मागे पडून अलीराजपूरचे डोंगर सुरू झाले की डही-कुक्षीच्या मोकळ्या मुलखात उतरेपर्यंत हा हिशेब बिघडत जातो. नदी दिसते, पण हाताला लागत नाही. सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटरपर्यंत नेली, सप्टेंबर २०१७ मध्ये लोकार्पण झालं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. दोनशे किलोमीटरांहून लांब असलेल्या त्या जलाशयाने कुक्षी तालुक्यातलं निसरपूर, चिखलदा, कोटेश्वरचा घाट आणि काठाकाठाने जाणारी जुनी पाऊलवाट पोटात घेतली. वाट वर सरकली, कुठे डोंगराच्या सोंडेवर, कुठे सरळ डांबरी सडकेवर.

धरणाच्या पाण्याचा काठ एका जागी राहत नाही, ही खरी अडचण. कार्तिकात ओंकारेश्वरहून निघालेली मंडळी साधारण पौष-माघात या भागात येतात, तेव्हा फुगवटा बऱ्यापैकी वर असतो. उशिरा निघालेला चैत्रात पोचतो, तेव्हा तेच पाणी उतारावरून खाली गेलेलं असतं आणि त्याच्या नि कोरड्या जमिनीच्या मध्ये गाळाचा पट्टा पसरलेला असतो. वरून भेगाळलेला, आत पाय गुडघ्यापर्यंत घेणारा. नर्मदेत मगरी आहेत, त्यामुळे गाळ तुडवत पाण्याच्या कडेशी बसून बाटली भरणं हा शहाणपणा नव्हे. दोन्ही माणसं आपल्या वहीत ‘अमुक गावाखाली नदीचं पाणी’ अशी नोंद करतील. दोघांचंही खरं असेल. तिसरा मात्र ती नोंद वाचून मे महिन्यात रिकाम्या बाटल्या घेऊन तिथे उतरेल.

कुक्षीची गोष्ट आधी सांगितली ती यासाठी, की पाण्याची माहिती किती लवकर शिळी होते हे तिथे उघड दिसतं. सह्याद्रीत ते इतकं उघड दिसत नाही. आपण, म्हणजे वीस-तीस जणांची तुकडी घेऊन डोंगरात जाणारे मोहीमप्रमुख, अजूनही ‘गडावर पिण्याचे पाणी बारमाही’ या एका ओळीवर मुक्काम ठरवतो. ती ओळ कुणीतरी, कधीतरी, बहुधा दिवाळीच्या सुट्टीत गड पाहून लिहिलेली असते. मग ती एका पुस्तकातून दुसऱ्यात, तिथून पत्रकात, पत्रकातून भ्रमणध्वनीवरच्या संदेशात जाते. ऑक्टोबरात सह्याद्रीतलं कुठलं टाकं कोरडं असतं?

पुढच्या अंकापासून या मासिकातल्या वाटवर्णनांत पाण्याच्या जागेसोबत तारीख नसेल तर ती जागा छापली जाणार नाही. तारीख म्हणजे लेख लिहिल्याची नव्हे, पाणी डोळ्यांनी पाहिल्याची. त्याबरोबर त्या साली पाऊस कसा झाला होता, आणि पाणी किती होतं, हेही हवं. ‘भरपूर’, ‘थोडं’, ‘करंगळीएवढी धार’ हे शब्द चालणार नाहीत.

किती होतं हे सांगायला उपकरण लागत नाही. लिटरची बाटली धारेखाली धरा आणि घड्याळ पाहा. चाळीस सेकंदांत भरली तर तासाला नव्वद लिटर. तीस माणसांना पुढच्या टप्प्यासाठी प्रत्येकी तीन लिटर भरायचे, तर नव्वद लिटर, म्हणजे शेवटच्याची बाटली भरेपर्यंत तास गेला. वेळापत्रकात हा तास धरलेला नसतो. तोच झरा एप्रिलअखेर लिटरला चार मिनिटं घ्यायला लागला की तासाला पंधरा लिटर पडतात आणि तीस माणसांना सहा तास लागतात. झरा आटलेला नाही. ‘पाणी आहे’ असं लिहिणारा खोटंही बोललेला नाही. तुमच्या तुकडीपुरतं मात्र तिथे पाणी नाही. शक्य असेल तिथे मोजमाप दोनदा घ्यावं, पहाटे आणि दुपारी. झऱ्याच्या अंगावरची झाडं दिवसा पाणी ओढतात, त्यामुळे बारीक पाझर दुपारी मंदावतो आणि रात्रीतून पुन्हा सावरतो. वाडीतल्या बायका झऱ्यावर तांबडं फुटायच्या आत जातात, त्याला हेही एक कारण आहे.

टाक्यांचं गणित वेगळं. गडावरची बहुतेक टाकी ही पावसाचं पाणी साठवणारी भांडी. त्यांना जिवंत झरा असतोच असं नाही. उघड्या टाक्यावरून मार्च ते मे या काळात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं. तीन महिन्यांत पाऊण मीटरहून जास्त. पुरुषभर खोल टाक्यात निम्मा गाळ असेल तर उरलेलं पाणी माणसांनी न पिताही संपत येतं. म्हणून टाक्याची नोंद करताना पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा खोली महत्त्वाची. काठीला खुणा करून ती पाण्यात उभी धरावी, गाळ कुठे लागतो ते पाहावं. वर कातळाचं छत आहे की नाही तेही लिहावं. आत खांब सोडून कोरलेली टाकी उन्हापासून झाकलेली असतात, आणि मे महिन्यात शेजारचं उघडं टाकं तळाला गेलेलं असताना खांबटाक्यात पाणी टिकून राहतं ते त्यामुळेच.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा हवाला आपल्या क्षेत्रात ऊठसूट दिला जातो, पण पाण्याबद्दलचा त्यातला भाग कामाच्या दृष्टीने कमी वाचला गेला आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढचा मुद्दा आपल्या उपयोगाचा. एक झरा आहे, तो पुरतो, म्हणून स्वस्थ बसू नये. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे रोडावतात, तेव्हा साठवणीची टाकी वेगळी करून राखावीत, असं अमात्य बजावतात. एका ठिकाणाच्या भरवशावर माणसं नेऊ नयेत, हा नियम अठराव्या शतकाच्या आरंभी राज्यकारभाराचा भाग होता. आपण तो पाळायचा म्हणजे दर टप्प्याला दोन जागा ठरवायच्या, आणि पहिली कोरडी निघाली तर दुसरीपर्यंत पुरेल इतकं पाणी पाठीवर आहे का, हे निघतानाच पाहायचं. लिटरचं वजन किलोभर, उन्हात चढताना माणशी तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. चार लिटरचं ओझं कुणालाच आवडत नाही, म्हणूनच ‘पुढे मिळेल’ हे वाक्य सोयीचं ठरतं.

खडक वाचता आला तर मदत होते. कुक्षीहून उत्तरेला बाघकडे जाताना थोड्याच अंतरात काळा कातळ, त्याखाली चुनखडक, त्याखाली निमाडचा वालुकाश्म असा थर बदलत जातो. पाणी वरून मुरतं आणि जिथे खालचा थर त्याला वाट देत नाही तिथे बाजूने बाहेर पडतं. बाघिणी नदीकाठच्या लेण्यांत याचा पुरावा आहे, आणि तो दुःखद आहे. खडकातून झिरपणाऱ्या ओलाव्याने तिथली पाचव्या-सहाव्या शतकातली भित्तिचित्रं खाल्ली. उरलेली शेवटी भिंतींवरून काढून हलवावी लागली. चित्रांना मारक ठरलेला तोच पाझर वाटसरूला तारतो. सह्याद्रीत आणि सातपुड्यात दोन लाव्हाथरांच्या मधला तांबड्या मातीचा पट्टा हेच काम करतो. कड्यावर एकाच पातळीत हिरवळीची आडवी रेघ दिसली तर त्या रेघेच्या अंगाने शोधावं. तीनशे फूट वर-खाली करत बसू नये.

झाडांवरून पाणी ओळखण्याबद्दल मात्र आमचं मत थोडं कडू आहे. उंबर दिसला की पाणी, हे प्रशिक्षण शिबिरांत हमखास शिकवतात. याचं मूळ घराणं माळव्यातलंच. उज्जैन-अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजलावर एक अख्खा अध्याय लिहिला. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, अशा बारकाईने. निरीक्षण म्हणून ते थोर आहे. पण दोन पुरुष म्हणजे पंधरा फूट जमिनीखाली! ही विद्या विहीर खणणाऱ्याची. तहानलेल्या तुकडीकडे ना कुदळ, ना दोन दिवस. उंबर सांगतो ते खरंच असतं, पण ते आपल्याला उद्देशून सांगितलेलं नसतं.

त्यापेक्षा माणसांच्या खुणा भरवशाच्या. अलीराजपूरच्या डोंगरात भिल-भिलाल्यांची पाट पद्धत आहे. वरच्या अंगाला नाल्याला दगड, पानं आणि चिखलाचा बांध घालून पाणी उताराच्या कडेकडेने, कधी खळग्यावरून दगडी बांधकाम करून, दूरच्या शेतापर्यंत नेतात. वाटेत असा पाट आडवा आला आणि तो ओला असेल, तर त्याच्या वरच्या टोकाला पाणी आहेच. गुरांच्या वाटा उन्हाळ्यात जिथे एकत्र येतात तिथेही. आणि कोरड्या नदीच्या वाळूत झिरा. हातभर खोल खड्डा, कडेला दगड रचलेले, वर काटेरी फांदी टाकलेली. ती फांदी गुरांनी तोंड घालू नये म्हणून असते. याचा अर्थ हा झिरा कुणीतरी आज सकाळीही वापरला आहे. आधीचं गढूळ पाणी वाटीने उपसून बाहेर टाकायचं, थांबायचं, वाळूतून नितळ पाणी वर आलं की मग भरायचं. घाई केली की गाळ मिळतो. जाताना काटेरी फांदी पुन्हा होती तशी ठेवायची.

नितळ म्हणजे चांगलं, हा समज या भागाने दोनदा खोटा पाडला आहे. धार-झाबुआकडच्या पायऱ्यांच्या विहिरींतून एके काळी नारू पसरायचा. रोगी पाण्यात उतरला की जंताची पिलं पाण्यात सुटायची, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने जंत बाहेर यायचा. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला, २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. पाणी कापडाने गाळून घ्या, पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालू नका, एवढ्या साध्या सांगण्याचा त्यात मोठा वाटा होता. नारू गेला, पण हातपंप आणि बोअर खोल गेल्यावर फ्लोराइडचा प्रश्न उभा राहिला. धार आणि झाबुआ हे त्याने ग्रासलेले जिल्हे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते सतत पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, पुढे हाडं वाकतात. दोन दिवस पिऊन पुढे जाणाऱ्याला त्याने काही होत नाही. तिथे वाढणाऱ्या मुलांना होतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. जंतूंसाठी उकळणं किंवा क्लोरीनची गोळी ठीक. गढूळ पाण्यात मात्र गोळी नीट लागू पडत नाही, आधी निवळू द्यावं, कापडाने गाळावं, मग गोळी आणि अर्धा तास.

तारीखवार नोंदींची कल्पना आमची नाही. अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंतची सुमारे ४,२६५ किलोमीटरची वाट. तिचा दक्षिण कॅलिफोर्नियातला पहिला हजारेक किलोमीटरांचा भाग कोरडा आहे. तिथले चालणारे वर्षानुवर्षं पाण्याचा एक सामायिक अहवाल राखत आले आहेत: कुठल्या मैलावर, कसलं ठिकाण, कोणत्या तारखेला, काय अवस्था. त्या वाटेची देखभाल करणारी संस्था आणखी एक गोष्ट बजावते. कुणी भल्या मनाने वाटेवर पाण्याचे कॅन ठेवलेले असतात, त्यांच्या भरवशावर चालू नये. परिक्रमेच्या वाटेवर आश्रम आहेत, सदावर्तं आहेत, ‘नर्मदे हर’ म्हटलं की घरातून पाणी येतं. ते घ्यावं, हात जोडावेत. मोहिमेच्या आराखड्यात मात्र ते ‘स्रोत’ म्हणून मांडू नये. त्या घरात ते पाणी कुठून नि किती लांबून आलं, हे आपण पाहिलेलं नसतं.

तासाला पंधरा लिटर देणाऱ्या त्या झऱ्याकडे पुन्हा वळू. पंधरा लिटर म्हणजे एक हंडा. वाडीतली बाई एका हंड्यासाठी तासभर बसते. तीस जणांच्या तुकडीने तिथे नव्वद लिटर भरले तर सहा घरांचा सकाळचा हंडा गेला, आणि वर कुणी तोंड-हातपाय धुतले असतील तर विचारायलाच नको. ११ जुलै २०२५ ला साल्हेर, राजगड, रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांच्या पायथ्याशी आणि माथ्यावर गर्दी आणखी वाढणार. या गर्दीसाठी पाणी कुठून येणार याचा विचार शासन करेल तेव्हा करेल, आपल्या तुकडीपुरता तो आपण करू शकतो. फाल्गुनानंतर वाडीच्या झऱ्यावर अवलंबून असलेली मोहीम आखू नये, आणि आखलीच तर आधी गावात जाऊन विचारावं. पोलीस पाटलांना, सरपंचांना विचारा, पण त्यांच्यापेक्षा पाणी भरणाऱ्या बायकांना विचारलेलं बरं. किती दिवस पुरेल हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्यांनी नाही म्हटलं तर टँकरचे पैसे देतो वगैरे बोलू नये. मोहीम पुढे ढकलावी.

नोंदीसाठी कोरा तक्ता या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. ठिकाण, गावाचं नाव, पाहिल्याची तारीख आणि वेळ, आधीच्या पावसाळ्याची स्थिती, लिटर भरायला लागलेले सेकंद किंवा टाक्यातली काठीवरची खोली, पाणी कोण वापरतं, आणि विचारलं होतं का, एवढे रकाने आहेत. कोरडी आढळलेली ठिकाणं आवर्जून कळवावीत, त्यांना वेगळं पान देऊ. धार, इंदूर, बडवानी, नंदुरबार या बाजूच्या वाचकांना खास विनंती: डही ते कुक्षी या पट्ट्यातल्या आणि फुगवट्याच्या काठाच्या नोंदी आमच्याकडे जवळपास नाहीत. चैत्र आणि वैशाख अशा दोन्ही महिन्यांतली एकाच जागेची नोंद कुणी पाठवली, तर ती आम्ही आधी छापू.