सरासरी दिवसात न मावणारा आठवडा

प्रति,
राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय,
सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : वेळ-वापर सर्वेक्षणात आजारपणाच्या आठवड्याची स्वतंत्र नोंद व्हावी याबाबत

महोदय,

भारतातील माणसे दिवसाचे चोवीस तास कशाकशात घालवतात, याची देशव्यापी मोजणी कार्यालयाने प्रथम 2019 मध्ये आणि नंतर 2024 मध्ये केली. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे संगोपन, वृद्धांची सेवा ही कामे राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरली जात नसली, तरी त्यांवर किती वेळ खर्च होतो हे या दोन सर्वेक्षणांमुळे सरकारी कागदावर आले, याचे श्रेय कार्यालयाला निःसंशय द्यावे लागते. 2024 च्या निष्कर्षांनुसार बिनमोबदल्याच्या घरकामात स्त्रिया दिवसाला 289 मिनिटे आणि पुरुष 88 मिनिटे घालवतात, तर कुटुंबीयांच्या देखभालीत स्त्रिया 137 आणि पुरुष 75 मिनिटे घालवतात. हे आकडे ‘सहभागींच्या सरासरी’चे आहेत, म्हणजे त्या दिवशी ज्यांनी ते काम केले त्यांच्यापुरतेच काढलेले आहेत, ज्यांनी कामाला हातच लावला नाही ते या भागाकारात येत नाहीत, त्यामुळे घराघरांतील तफावत या आकड्यांवरून वाटते त्याहून मोठी आहे. प्रस्तुत पत्राचा मुद्दा मात्र स्त्री-पुरुष तफावतीच्या थोडा अलीकडचा आहे. मोजणीसाठी निवडलेले एकक, म्हणजे एक सुटा दिवस, हे घरातील आजारपण समजून घ्यायला पुरेसे नाही, असे या पत्राचे म्हणणे आहे.

सर्वेक्षणाची पद्धत अशी आहे की, मुलाखतीच्या आदल्या दिवशीच्या पहाटे चार वाजल्यापासून मुलाखतीच्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा काळ अर्ध्या अर्ध्या तासाच्या 48 तुकड्यांत पाडला जातो आणि सहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने त्या त्या तुकड्यात काय केले हे नोंदवले जाते. मुलाखती वर्षभर आणि आठवड्याच्या सर्व वारांत विभागलेल्या असल्यामुळे कोणाच्या घरी सोमवार, कोणाच्या घरी शनिवार असे होत होत संपूर्ण देशाची सरासरी बरोबर निघते, हे संख्याशास्त्रज्ञांचे उत्तर आहे आणि ते सरासरीपुरते योग्यही आहे. अडचण सरासरीच्या पलीकडची आहे. एखाद्या स्त्रीने काल देखभालीत सहा तास घालवले, ही नोंद झाली; पण ते सहा तास तिच्या वाट्याला एकदाच आले की सलग सात दिवस येत राहिले, आणि त्याच सात दिवसांत पाणी, गॅस, मोलकरीण, शाळा, बँक यांपैकी काय काय तिच्यावर येऊन आदळले, हे त्या नोंदीवरून कळू शकत नाही. घराला थकवा येतो तो कामांच्या बेरजेने कमी आणि ती एकाच वेळी गाठण्याने अधिक.

उदाहरणादाखल डेंग्यूचा विचार करता येईल, कारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात पुणे-मुंबईपासून नागपूर-कोल्हापूरपर्यंत हा ताप घरोघरी ओळखीचा झाला आहे आणि त्याचे वेळापत्रक जवळजवळ एका आठवड्याचे असते. ताप साधारणपणे दोन ते सात दिवस राहतो. आणि घरच्यांना चकवणारी गोष्ट अशी की, ताप उतरतो तेव्हाच रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे 24 ते 48 तास सुरू होण्याची शक्यता असते, कारण याच काळात रक्तातील द्रव भाग रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू शकतो. म्हणून डॉक्टर या दिवसांत पुन्हा पुन्हा रक्त तपासायला सांगतात. तपासणीत प्लेटलेट म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी मोजल्या जातात, आणि हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण किती, हेही पाहिले जाते. ते वाढू लागले तर द्रव झिरपत असल्याचा संशय घेता येतो. (घरोघरी माहात्म्य मात्र प्लेटलेटलाच प्राप्त झाले आहे. डॉक्टर दोन्ही आकडे पाहत असतात, नातेवाईक फोनवर एकच आकडा विचारतात आणि लगोलग पपईच्या पानांचा रस सुचवतात.) रुग्ण घरीच असेल, आणि बहुतेक रुग्ण घरीच बरे होतात, तर त्याने किती पाणी, किती ताक, किती मिठा-साखरेचे पाणी घेतले, लघवी किती वेळाने झाली, उलट्या थांबल्या का, पोटात दुखते का, हिरड्यांतून रक्त येते का, ग्लानी तर नाही ना, यावर रात्रीही कोणाला तरी लक्ष ठेवावे लागते. ज्या वेदनाशामक गोळ्या एरवी सर्रास घेतल्या जातात त्यांतील ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन या आजारात टाळायच्या असतात, हेही त्याच कोणाला तरी माहीत असावे लागते.

आता हा आठवडा पुण्यातील एखाद्या चौकोनी कुटुंबात आणून ठेवला, तर काय दिसते? दुरुस्तीच्या कामांसाठी शहरात अनेकदा गुरुवारी पाणी बंद असते आणि शुक्रवारी ते उशिरा व कमी दाबाने येईल, अशी सूचना वर्तमानपत्रात येते, म्हणून बुधवारी रात्रीच बादल्या, पिंपे, पातेली भरून ठेवली जातात. नेमक्या त्याच दिवसांत रुग्णाचे घामाने भिजलेले कपडे आणि चादरी रोज धुवाव्या लागतात. सिलिंडर संपतो, नवा घेऊन येणाऱ्याला सांगायचा संकेतांक नोंदणी केलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. घरातील मुलाची चाचणी परीक्षा ताप पाहून पुढे जात नाही. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी संपलेली असते, आणि ती आणायला जाणारी व्यक्ती प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत घरी अडकलेली असते. यांतील एकही गोष्ट संकट म्हणण्याजोगी नाही, आणि प्रत्येकीला स्वतंत्रपणे सर्वेक्षणाच्या अर्ध्या तासाच्या खान्यात सुखाने बसवता येते.

खान्यांची ही व्यवस्था कार्यालयाने संयुक्त राष्ट्रांच्या 2016 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावरून घेतली आहे. त्यात सर्व मानवी क्रिया नऊ मोठ्या विभागांत वाटलेल्या आहेत : बाहेरून पाणी भरून आणणे हे स्वतःच्या वापरासाठी वस्तूचे उत्पादन म्हणून दुसऱ्या विभागात, त्याच पाण्यात रुग्णासाठी पेज शिजवणे हे घरकाम म्हणून तिसऱ्या विभागात, ती पेज भरवणे हे देखभाल म्हणून चौथ्या विभागात, आणि पेज खाऊन रुग्णाने पडून राहणे हे स्वतःची काळजी म्हणून नवव्या विभागात. वर्गीकरण म्हणून याला दोष देण्याचे कारण नाही, कारण जगभरच्या आकड्यांची तुलना करायची तर कोठेतरी रेघा ओढाव्याच लागतात. तरीही घरातील आजारपणाचा जो मध्यवर्ती भाग, म्हणजे लक्ष असणे, तो या रेघांमधून निसटतो. अर्ध्या तासाच्या तुकड्यात किमान दहा मिनिटे चाललेली कामेच नोंदली जातात. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे आत डोकावून येणे, फोडणी देता देता कान खोलीकडे ठेवणे, अहवाल आला का हे मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहणे, डॉक्टरांना काय विचारायचे ते मनात जुळवणे, ही कामे दहा मिनिटांची कधीच नसतात आणि दिवसभर संपतही नाहीत. त्या दिवसाच्या कागदावर ‘स्वयंपाक’ एवढेच उतरते.

याच आठवड्याची दुसरी बाजू घरकाम करणाऱ्या बाईंच्या घरी असते, आणि तिच्याकडे मराठी मध्यमवर्गाचे लेखन सहसा ‘बाई आल्या नाहीत’ या तक्रारीपुरतेच पाहत आले आहे. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु आजारपणाची भरपगारी रजा ही अजूनही बव्हंशी मालकिणीच्या मर्जीवर चालणारी गोष्ट राहिली आहे. समजा, बाईंच्या मुलाला ताप आला. त्या कामावर गेल्या तर त्यांचे तीन-चार तास सर्वेक्षणात ‘रोजगार’ म्हणून नोंदले जातात, आणि त्या काळात तापलेल्या मुलाजवळ बसलेल्या दहा वर्षांच्या बहिणीचा वेळ, ती सहा वर्षांवरील असल्याने, ‘देखभाल’ म्हणून नोंदला जातो. त्या गेल्या नाहीत तर त्यांच्याच घरी देखभालीचे तास वाढतात, पगार कापला जाण्याची भीती उभी राहते, आणि सोसायटीतील चार घरांत त्या दिवशी भांडी घासण्याची मिनिटे वाढतात. एका तापाने पाच घरांचा दिवस हलतो. ही साखळी कुटुंबाला सुटे एकक मानणाऱ्या कोणत्याही सर्वेक्षणात पूर्ण दिसणार नाही हे मान्य केले, तरी आठवडाभराच्या नोंदीत तिचे दोन-तीन दुवे नक्कीच सापडतील, एका दिवसाच्या नोंदीत एखादा सापडला तर नशीब.

आठवडा हे माप येथे केवळ सोयीसाठी सुचवलेले नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास उष्ण हवेत सुमारे आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणूनच महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती नागरिकांना आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात, ज्या दिवशी पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून, सुकवून पुन्हा भरायची असतात. घासणे महत्त्वाचे, कारण ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकू शकतात. म्हणजे सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने आपले साप्ताहिक काम घराघरांकडे सोपवलेले आहे, आणि ते करणाऱ्या हातांचा वेळ तिने कोठेही खर्ची टाकलेला नाही. यातील विसंगती तर आणखी बोलकी आहे : पाणी रोज आणि भरवशाने येत नाही म्हणून पिंपे भरून ठेवावी लागतात, पिंपे भरलेली म्हणून डास होतात, डास होतात म्हणून पिंपे रिकामी करा असे सांगितले जाते, आणि नेमक्या त्याच दिवशी नळ कोरडा असतो. पाणीपुरवठा विभागाच्या अनियमिततेची भरपाई आणि आरोग्य विभागाच्या सूचनेचे पालन, ही दोन्ही ओझी घरातील एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात. ती किती, हे सांगू शकणारी यंत्रणा देशात एकच आहे, आणि हे पत्र तिलाच लिहिलेले आहे.

कार्यालयाकडे आजारपणाची माहिती नाही, असेही नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक फेऱ्यांत, उदाहरणार्थ 2017-18 च्या 75 व्या फेरीत, रुग्णालयात दाखल न होता झालेल्या आजारांसाठी मागील 15 दिवसांची आणि दाखल होण्यासाठी मागील 365 दिवसांची माहिती विचारली गेली; डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या, प्रवास यांवरील खर्च नोंदला गेला. एका सर्वेक्षणाला आजाराचे पैसे माहीत आहेत, दुसऱ्याला एका दिवसाचा वेळ माहीत आहे, आणि त्या आजारासाठी रजा कोणी काढली, रात्री कोण जागले, हे दोघांनाही धडपणे ठाऊक नाही.

या बाबतीत कार्यालयाच्या पूर्वसुरींनी अधिक बारकाईने विचार केला होता, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. जुलै 1998 ते जून 1999 या काळात हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तमिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत 18,591 कुटुंबांचे जे प्रायोगिक वेळ-वापर सर्वेक्षण झाले, आणि ज्याच्या तांत्रिक समितीचे अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ इंदिरा हिरवे यांच्याकडे होते, त्यात आठवडा हाच संदर्भकाळ धरून दिवसांचे तीन प्रकार केले होते : नेहमीचा दिवस, आठवड्यातून एकदा येणारा वेगळा दिवस (सुटी, बाजार इत्यादी), आणि घरी पाहुणे आले, कोणी अचानक आजारी पडले, सण निघाला असा असाधारण दिवस. 2019 पासून हे तीन प्रकार आटोपशीर होऊन नेहमीचा दिवस आणि इतर दिवस असे दोनच उरले, त्यामुळे गौरीचे जेवण आणि डेंग्यूची रात्र एकाच खान्यात जाऊन बसण्याची सोय झाली. हे मागे येणे प्रशासकीय दृष्ट्या समजण्यासारखे आहे, कारण सहा राज्यांत जे जमले ते 1,39,000 हून अधिक कुटुंबांत करणे सोपे नाही, आणि सहा दिवसांपूर्वीच्या अर्ध्या तासात काय केले हे कोणालाच खात्रीने आठवत नाही.

म्हणूनच संपूर्ण आठवड्याची रोजनिशी मागणे हा या पत्राचा आग्रह नाही. पुढील फेरीत सध्याची एका दिवसाची नोंद जशीच्या तशी ठेवून तिला एक छोटी पुरवणी जोडता येईल, आणि ती सर्व कुटुंबांना न विचारता नमुन्यातील एखाद्या उपगटाला विचारली तरी चालेल. मागील सात दिवसांत घरात कोणी आजारी होते काय. असल्यास रात्री मुख्यतः कोण जागले. दवाखाना, प्रयोगशाळा, औषधांचे दुकान येथे कोण गेले. त्यासाठी कोणी कामाला किंवा शाळेला दांडी मारली आणि पैसे कापले गेले काय. त्याच दिवसांत पाणी, वीज, इंधन किंवा घरकामाची मदत यांपैकी काय बंद होते. असे पाच-सहा प्रश्न माणसाला आठवतात, कारण ते मिनिटे विचारत नाहीत, प्रसंग विचारतात. शक्य झाल्यास हे प्रश्न कुटुंबप्रमुख म्हणून कागदावर ज्याचे नाव आहे त्याला न विचारता, त्या आठवड्यात रुग्णाजवळ जी व्यक्ती होती तिला थेट विचारले जावेत. आणि मुलाखतीच्या दिवशी तीच व्यक्ती तापाने पडलेली आढळली, तर त्या घराला नमुन्यातून वगळून शेजारचे घर न घेता, प्रगणकाने तेथेच चार दिवसांनी पुन्हा जावे, अशी स्पष्ट सूचना क्षेत्रकार्याच्या पुस्तिकेत असावी.

कळावे.