समान कोष्टक, असमान काळ

ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांविषयी दोन मते आग्रहाने मांडली जातात. पहिले असे, की योद्धा, जादूगार, उपचारक यांचा पातळ्या चढण्याचा वेग भिन्न असला तरच त्यांना स्वत्व प्राप्त होते. दुसरे असे, की सर्वांना एकच कोष्टक लावले की न्याय झाला. पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी मराठीचे अध्यापन करताना ही दोन्ही मते विद्यार्थ्यांकडून ऐकायला मिळतात. दोन्ही अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. आणि ज्या समीक्षेने आपल्याला जात व श्रम यांची चिकित्सा शिकवली, तिने हा विषय पोरखेळ म्हणून टाळावा, हे बौद्धिक आळसाचे लक्षण होय.

घोटाळ्याचा आरंभ भाषांतरापासून होतो. खेळातील 'क्लास' म्हणजे उत्पादनसंबंधांतून सिद्ध होणारा वर्ग नव्हे. तो खेळाडूने निवडलेला पेशा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळातून ही कल्पना पुढे संगणकावर आली. त्यात दुसरी पातळी गाठण्यासाठी धर्मोपदेशकाला १५००, योद्ध्याला २००० आणि जादूगाराला २५०० अनुभवगुण लागत. जादूगार आरंभी दुबळा, पुढे प्रबळ. त्याचा संथपणा ही त्याने पत्करलेल्या वाटेची किंमत होती, म्हणून त्या संथपणाला अर्थ होता. परंतु त्याच नियमावलीत ड्वार्फ योद्ध्याला सहाव्या आणि हाफलिंग योद्ध्याला चौथ्या पातळीपलीकडे जाता येत नसे. मानवाला मात्र अशी मर्यादा नव्हती. येथे निवड संपते आणि जन्म सुरू होतो.

डॉ. आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या न होऊ शकलेल्या भाषणात श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो भेद केला, तो येथे नेमका लागू पडतो. पेशांची भिन्नता ही श्रमविभागणी. जन्मावर बेतलेली पातळीची मर्यादा ही श्रमिकांची विभागणी. जुन्या विषम वेगाचे गोडवे गाणारे या दोहोंची गल्लत करतात आणि स्वत्वाच्या नावाखाली उतरंडीचे समर्थन करून बसतात.

आता समतावाद्यांकडे वळू. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००० मधील तिसऱ्या आवृत्तीने जन्मजात मर्यादा काढल्या आणि सर्व पेशांना एकच कोष्टक दिले. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्येही कोष्टक एकच होते. तरीही पाळीव श्वापद सोबत घेऊन लढणारा शिकारी एकट्याने झपाट्याने वर चढे, आणि उपचारात प्रावीण्य मिळवलेला पुरोहित एकटा असताना रखडत असे. कारण उघड आहे: मोजमाप प्रामुख्याने शत्रू मारण्याचे, आणि उपचारकाचे कौशल्य इतरांना जिवंत ठेवण्याचे. अनुभवगुण हे निव्वळ अंक नसून ती एक मूल्यव्यवस्था आहे. संगोपनाच्या श्रमाला जमाखर्चात जागा न देणाऱ्या समाजाला ती अपरिचित वाटू नये.

याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. मार्च २०१४ मध्ये त्याच खेळात साठ डॉलर मोजून थेट नव्वदावी पातळी विकत घेता येऊ लागली; त्या वेळची ती सर्वोच्च पातळी होती. पेशाने ठरणारा वेग अन्याय्य म्हणून मोडीत काढला गेला आणि पैशाने ठरणारा वेग सोय म्हणून स्वीकारला गेला. ज्याला आपण चुकून 'वर्ग' म्हणत होतो तेथे आता खरोखरच वर्ग अवतरला. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून आलेला तरुण जी पातळी रात्री जागून कमावतो, ती दुसऱ्याला एका देयकात मिळते. दोघांच्या पात्रांची नावनिशी सारखीच दिसते. त्यांमागचा काळ मात्र पुसला जातो.

म्हणून वेग समान की विषम, हा प्रश्नच चुकीचा आहे. वेग कोण ठरवतो हा खरा प्रश्न आहे: खेळाडूची निवड, त्याचा जन्म की त्याचा खिसा? यांपैकी केवळ पहिल्यातून स्वत्व घडते. दुसऱ्यातून जात घडते, तिसऱ्यातून गिऱ्हाईक. कथनातील काळाची चर्चा कादंबरीपुरती राखून ठेवणाऱ्या आमच्या समीक्षेने आता नियमावली हीदेखील एक संहिता म्हणून वाचायला हवी. आमचे विद्यार्थी ती रोज वाचत आहेत, आणि तिच्यातील मूल्ये बिनतक्रार शिकत आहेत.