पब्लिक म्हणजे आपण सोडून सगळे

माझा एका शब्दावर राग आहे. शब्द इंग्रजी, पण आपल्याकडे इतका मुरलाय की आजीसुद्धा तो सहज वापरते. ‘पब्लिक’.

मराठीत आल्यावर तो स्त्रीलिंगी झाला. पब्लिक भडकली. पब्लिक येडी आहे. पब्लिकला हेच पाहिजे. महाडच्या स्टँडवर एसटीत घुसताना ‘आज लय पब्लिक आहे’ म्हणणारा माणूस स्वतः त्याच गर्दीत चेंगरत असतो. पण तो स्वतःला मोजत नाही. माझा राग नेमका इथे आहे.

बाकीचे अर्थ बघा. इन्स्टावर प्रोफाइल ‘पब्लिक’ म्हणजे कुणीही येऊन बघा. ‘पब्लिक लिमिटेड’ म्हणजे पैसे असतील तर शेअर घ्या. गावोगावच्या बहुतेक ‘पब्लिक स्कूल’ खासगी असतात आणि फी भरेल त्याच्याच असतात. इंग्लंडमध्येही जुन्या, महागड्या खासगी शाळांनाच हे नाव आहे. ‘पब्लिक टॉयलेट’ म्हटलं की हात आधी नाकाकडे जातो. गर्दी, प्रेक्षक, गिऱ्हाईक, घाण असे सगळे अर्थ या शब्दाला चिकटले. गळाला तो एकच: ‘आपल्या सगळ्यांचं’.

‘शब्दांचे अर्थ बदलतातच, त्यात काय एवढं?’ असं कुणी म्हणेल. इतर कुठे म्हणा. महाड-पोलादपूरच्या माणसाला हे म्हणायची सोय नाही. कारण या एका शब्दाच्या अर्थावर आमच्या तालुक्याच्या गावात माणसांनी मार खाल्लाय.

1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं पब्लिक झालं, पण पाण्यापर्यंत कुणी जाऊ देईना. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. डिसेंबरमध्ये काही जण कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, तळं सार्वजनिक नाहीच, आणि अस्पृश्यांना दूर ठेवायची रूढी फार जुनी आहे. मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 रोजी ही रूढी सिद्ध होत नाही म्हणून त्यांचं अपील फेटाळलं. पाणी पिण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षं गेली. वाद एवढाच होता, की ‘पब्लिक’मध्ये कोण कोण येतं?

याचं उत्तर पुढे संविधानाच्या कलम 15 मध्ये आलं. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. मला तो उल्लेख कोरडा कायदा वाटत नाही. त्यात मला चवदार तळ्याचं पाणी दिसतं.

आता आमचं सव. सावित्रीच्या काठावर गरम पाण्याचे झरे आहेत. अंगदुखी जाते, कातडीचे रोग बरे होतात या समजुतीने लोक लांबून येतात. येतात, आंघोळ करतात आणि साबणाचे कागद, शाम्पूच्या पुड्या, बाटल्या तिथेच टाकून जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘पब्लिक प्लेस आहे, तुमच्या बापाची आहे का?’

हो, आहे. माझ्या बापाची आहे, तुमच्याही बापाची आहे. पब्लिकचा अर्थच तो आहे.

आणि घाण हा यातला लहान धोका आहे. ‘पब्लिक’ म्हणजे ‘कुणाचंच नाही’ असं एकदा डोक्यात बसलं, की उद्या कुणी कुंपण घालून तिकीट लावलं तरी आपण म्हणू, ‘बरं झालं, पब्लिकने वाटच लावली होती.’ नदीत सांडपाणी सोडलं तरी आपण फक्त व्हिडिओ काढून टाकू. ज्यांना ‘पब्लिक’मधून हाकलत होते, त्यांनी मार खाऊन आत जागा मिळवली. आणि आपण? त्याच पब्लिकमधून हसत हसत स्वतःला वगळतोय.

‘सार्वजनिक’ म्हणा, असा माझा आग्रह नाही. इंग्रजी शब्द खुशाल वापरा. फक्त पुढच्या वेळी ‘पब्लिक येडी आहे’ म्हणताना मोजणी स्वतःपासून सुरू करा.