घाऊक बाजार मोबाइलवर आला, अडत कोण भरतंय?

टोरांटोच्या पश्चिमेला, गाडीने तास-सव्वा तासावर किचनर हे शहर आहे. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या ‘फेअर’ या ऑनलाइन घाऊक बाजाराचं एक कार्यालय तिथे आहे. साबण, मेणबत्त्या, लोणची, चहाचा मसाला, भेटकार्डं बनवणारे छोटे उत्पादक आणि गावोगावची छोटी दुकानं यांची गाठ घालून देणं, हा या कंपनीचा धंदा. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात टेबल मांडून चटण्या, भाजणी, उटणं विकणाऱ्या आपल्या मंडळींना हे आकर्षण वाटणं स्वाभाविक आहे. पन्नास गिऱ्हाइकांना एकेक बरणी विकण्यापेक्षा पाच दुकानांना खोके पाठवावेत, असं कोणाला वाटणार नाही?

पण आधी हिशेब मांडू. समजा, चटणीची बरणी दुकानात १६ डॉलरला विकली जाते. दुकानदार ती साधारण निम्म्या भावात, म्हणजे ८ डॉलरला मागतो. नव्या दुकानाने २० बरण्या मागवल्या, ऑर्डर झाली १६० डॉलरची. १५ टक्के कमिशन गेलं २४ डॉलर. नवं दुकान मिळवून दिल्याबद्दल आणखी १० डॉलर. उरले १२६, म्हणजे बरणीमागे ६ डॉलर ३० सेंट. पैसे खात्यात येण्याचं शुल्क वेगळंच. यातून माल, काचेची बरणी, लेबल, खोका आणि स्वतःची मजुरी सुटली पाहिजे. मंडळाच्या टेबलावर तीच बरणी १२ डॉलरला विकून समाधानी असणाऱ्याचं गणित इथेच कोसळतं. कारण त्या १२ डॉलरमध्ये दुकानदाराचा वाटा कधी धरलेलाच नसतो.

मराठी माणसाला ही व्यवस्था नवी नाही. ही अडतच आहे. फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असं महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. अडत कोणी भरायची हा प्रश्न किती कळीचा आहे, ते तेव्हा दिसलं. या ऑनलाइन बाजारात ती माल बनवणाराच भरतो.

मात्र अडत्या फुकट खातो, असंही म्हणता येणार नाही. दुकानदाराला ६० दिवसांची उधारी मिळते, पहिल्या ऑर्डरचा माल खपला नाही तर परत करता येतो, आणि हा धोका बाजार चालवणारी कंपनी उचलते. उत्पादकाला वसुलीसाठी फोन करत बसावं लागत नाही. उधारीत पैसे अडकलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. शिवाय जे दुकान आपण स्वतः शोधलं आणि स्वतःच्या लिंकवरून आणलं, त्याच्या ऑर्डरवर ‘फेअर’ कमिशन घेत नाही. ही सोय अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि ओळखीच्या दुकानावरही १५ टक्के जात राहतात.

खरी काळजी वेगळी आहे. अशा बाजाराचे नियम आपल्या हातात नसतात, आणि उद्या तो बाजार राहील की नाही, हेही नाही. ‘एट्सी’ने २०१४ मध्ये घाऊक विभाग उघडला आणि २०१८ मध्ये बंद केला. ओटावाच्या ‘शॉपिफाय’ने २०१९ मध्ये ‘हँडशेक’ हा घाऊक विक्रीचा ऑनलाइन मंच विकत घेतला, आणि २०२३ मध्ये ‘फेअर’मध्येच हिस्सा घेऊन आपल्या दुकानदारांना तिकडे वळवलं. सगळी गिऱ्हाइकं एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याने दर वेळी नव्याने सुरुवात करायची का?

त्यात भर सीमेची. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काविना जात असे. छोट्या दुकानाची दोन-तीनशे डॉलरची ऑर्डर त्यात अलगद बसायची. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सवलत संपली. तेव्हापासून प्रत्येक खोक्याबरोबर माल मूळ कुठला, याचा कागद महत्त्वाचा झाला. भारतातून आणलेली हळद इथे फक्त पाकिटात भरली, म्हणून ती कॅनडाची होत नाही.

मग देशातल्या देशात विकावं म्हटलं, तर तिथेही नियम आहेत. जानेवारी २०१९ पासून लागू असलेल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार, एका प्रांतात तयार केलेला किंवा पाकीटबंद केलेला खाद्यपदार्थ दुसऱ्या प्रांतात पाठवायचा तर केंद्राचा परवाना लागतो. लेबल इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत हवं. सलग चार तिमाहींत करपात्र विक्री ३०,००० डॉलरच्या वर गेली, की जीएसटी-एचएसटीची नोंदणी आलीच. ऑनलाइन बाजारात व्हँकुव्हरची ऑर्डर एका क्लिकवर येते, पण तिच्या मागोमाग ही जबाबदारीही येते. आणि २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरसारखा कॅनडा पोस्टचा महिनाभराचा संप ऐन नाताळात झाला, तर माल घरातच पडून राहतो.

म्हणून ‘जाऊ की नको’ यापेक्षा ‘काय घेऊन जाऊ’ हा प्रश्न महत्त्वाचा. आधी किंमत अशी ठरवावी, की निम्म्या भावात विकून, कमिशन देऊनही दोन पैसे उरतील. तशी ठरत नसेल, तर तो माल थेट विक्रीसाठीच ठेवावा, त्यात कमीपणा काही नाही. खाण्याच्या पदार्थांसाठी परवाना असलेलं स्वयंपाकघर तिघा-चौघांनी मिळून भाड्याने घेतलं, तर खर्च वाटला जातो. मंडळांनी वर्षातून एखादी संध्याकाळ याच हिशेबासाठी ठेवली, तर नव्या उद्योजकांना त्याचा उपयोग होईल. आणि ज्यांना माल आवडला, त्या दुकानदारांशी जमेल तिथे प्रत्यक्ष भेटून ओळख ठेवावी. नवं दुकान दाखवल्याबद्दल अडत्याला पैसे देणं परवडतं. जुन्या, जोडलेल्या दुकानासाठीही तेच देत बसलो, तर राबायचं आपण आणि धंदा मात्र त्याचा.