यादीत पक्षाचा रकाना नाही

अमेरिकेतल्या तीसेक राज्यांत माणूस मतदार म्हणून नाव नोंदवतानाच पक्ष सांगू शकतो. आपल्या यादीत तसला रकाना नाही. जातीचाही नाही. पण नडतंय कोणाचं? आडनाव वाचलं, वस्ती बघितली, की बूथवरचा कार्यकर्ता पेन्सिलीनं खूण करून मोकळा. हे आपले, हे त्यांचे. आपल्याला न विचारता आपला पक्ष ठरतो!

बुलढाणा लोकसभा २००४ पर्यंत राखीव होती. वासनिक आले, अडसूळ आले. २००९ ला ती खुली झाली, मेहकर विधानसभा राखीव झाली. वस्तीतल्या खुणा मात्र त्याच.

आणि खूण झाली की पुढं फॉर्म ७. लोणार-सिंदखेडराजाकडचा माणूस ऊसतोडीला, वीटभट्टीला गेला, की हे म्हणणार 'इथं राहत नाही', उडवा नाव. का म्हणून? लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २० वाचा. तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास जात नाही. कलम २२ म्हणतं, अशा कारणानं नाव काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐका. ऐकणार कसं, तो तर भट्टीवर! म्हणून हरकतींची यादी लागली की आपल्या पोरांनी ती घेऊन घरोघर फिरायचं. मतदानाच्या दिवशी बोंबलून काय उपयोग?